हेमाद्री पंडित

हेमाद्री पंडित ऊर्फ हेमाडपंत (तेरावे शतक) हे देवगिरीच्या यादव राजवटीतील मंत्री, धर्मशास्त्रकार आणि संस्कृत ग्रंथकार होते. यादव राजे महादेव आणि रामचंद्र (रामदेवराव) यांच्या कारकिर्दीत ते श्रीकरणाधिप, म्हणजे राज्याच्या लेखन व हिशेब खात्याचे प्रमुख होते. चतुर्वर्गचिंतामणी हा धर्मशास्त्रावरील विस्तृत ग्रंथ त्यांच्या नावावर आहे. मराठी लोकपरंपरेने त्यांचे नाव मुख्यतः दोन गोष्टींशी जोडले आहे. चुन्याविना दगड बसवून उभारलेल्या मंदिरांना हेमाडपंती म्हटले जाते, आणि हात न उचलता जलद लिहिण्याच्या मोडी लिपीचे जनकत्वही त्यांना दिले जाते. पंतोजींच्या शाळांतून आणि पुढे सरकारी प्राथमिक शाळांतून मराठी मुलांनी अनेक पिढ्या हे जोडून लिहिण्याचे वळण गिरवले. त्यामुळे हेमाद्रींच्या चरित्राचा महाराष्ट्रातील प्राथमिक लेखनशिक्षणाच्या इतिहासाशी निकटचा संबंध आहे.

काळ आणि कुल

हेमाद्रींच्या जन्माची व मृत्यूची निश्चित तिथी कोणत्याही समकालीन साधनात नोंदलेली नाही. त्यांच्या ग्रंथांतील प्रशस्ती आणि यादवांचे ताम्रपट यांवरून त्यांचा काळ ठरवला जातो. त्यांची उपलब्ध कारकीर्द इ.स. १२६० ते १२९० या दशकांच्या आसपास येते. त्यांचे गोत्र वत्स होते. पित्याचे नाव कामदेव, आजोबांचे वासुदेव आणि पणजोबांचे वामन असे त्यांच्या ग्रंथांत दिले आहे. मूळ नाव हेमाद्री असून पुढील काळात मराठी वळणानुसार त्याचे हेमाडपंत असे रूप रूढ झाले. शिवकालीन व पेशवेकालीन कागदपत्रांत आणि बखरींत हेच रूप प्रामुख्याने आढळते.

राजकीय कारकीर्द

यादवांचे राज्य तेराव्या शतकात दख्खनमधील प्रबळ राज्यांपैकी एक होते. देवगिरी, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यातील दौलताबाद, ही त्याची राजधानी होती. आजचा परभणी जिल्हा आणि गोदावरीचे खोरे या राज्याच्या मध्यवर्ती मुलखात मोडत असे. राजा महादेव यांच्या कारकिर्दीत (सुमारे १२६१ ते १२७१) हेमाद्री राजदरबारातील महत्त्वाच्या पदावर पोहोचले. चतुर्वर्गचिंतामणीच्या प्रारंभीच्या प्रशस्तीत त्यांनी यादव वंशाची वंशावळ दिली आहे. रामकृष्ण गोपाळ भांडारकर यांनी दख्खनच्या प्राचीन इतिहासाची मांडणी करताना या प्रशस्तीचा आधार घेतला. त्यामुळे यादवांच्या इतिहासाचे एक प्रमुख साधनही हेमाद्रींच्याच लेखणीतून आले आहे.

महादेव यांच्या मृत्यूनंतर त्यांचा पुत्र आमण गादीवर आला. परंतु १२७१ मध्ये महादेव यांचा पुतण्या रामचंद्र याने त्याला पदच्युत करून राज्य ताब्यात घेतले. अशा सत्तांतरात जुन्या राजाचे मंत्री सहसा दूर केले जातात. हेमाद्रींच्या बाबतीत तसे घडले नाही. १२७२ मधील ठाणे येथील ताम्रपटात रामचंद्राच्या राज्यातील सर्व करणांचे आधिपत्य त्यांच्याकडे असल्याचा उल्लेख आहे. त्याच ताम्रपटात हत्तीदलाच्या प्रमुखाचे पदही त्यांच्याकडे असल्याचे दिसते. राजा बदलला तरी दफ्तर चालू राहिले पाहिजे आणि ते चालवणारा माणूस सहज बदलता येत नाही, ही राज्यकारभाराची गरज त्यामागे असावी, असे मानले जाते.

श्रीकरणाधिप हे पद

करण या शब्दाचा अर्थ येथे कचेरी किंवा लेखनविभाग असा आहे. राजाज्ञा लिहिणे, दानपत्रांचे मसुदे करणे, जमिनीचा व महसुलाचा हिशेब ठेवणे आणि परगण्यांशी पत्रव्यवहार करणे ही कामे या विभागाकडे असत. गावपातळीवर हिशेब ठेवणाऱ्या कुळकर्णी या वतनदाराच्या नावातही हाच करण शब्द आहे. राजधानीतील श्रीकरणाधिपापासून गावच्या कुळकर्ण्यापर्यंत ही लेखनाची एक साखळी होती.

पत्राचे मायने, पदाधिकाऱ्यांची कर्तव्ये आणि हिशेबाची रीत सांगणाऱ्या मेस्तक नावाच्या मराठी लेखनप्रकाराशीही हेमाद्रींचे नाव जोडलेले आहे. हेमाडपंती मेस्तक म्हणून ओळखल्या जाणाऱ्या उपलब्ध प्रतींची भाषा बरीच उत्तरकालीन आहे. त्यामुळे त्या जशाच्या तशा हेमाद्रींच्या हातच्या मानल्या जात नाहीत. कारकुनी शिक्षणाच्या परंपरेने आपला आरंभ याच मंत्र्यापासून सांगितला, हे मात्र त्यांवरून स्पष्ट होते.

ग्रंथरचना

चतुर्वर्गचिंतामणी हा हेमाद्रींचा मुख्य ग्रंथ होय. व्रत, दान, तीर्थ व मोक्ष अशी चार खंडे आणि परिशेषखंड अशी त्याची योजना आहे. पुराणे व स्मृती यांतील वचने विषयवार एकत्र करून त्यांची व्यवस्था लावणारा हा निबंधग्रंथ आहे. व्रतखंड व दानखंड यांचा पुढील धर्मशास्त्रकारांनी फार मोठ्या प्रमाणावर आधार घेतला. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात कलकत्त्याच्या एशियाटिक सोसायटीने आपल्या ग्रंथमालेत हा ग्रंथ छापण्यास प्रारंभ केला.

लेखनाच्या इतिहासाच्या दृष्टीने दानखंडातील विद्यादानाचे प्रकरण विशेष महत्त्वाचे आहे. त्यात ग्रंथाची प्रत करवून ती दान देण्याचा विधी पुराणांच्या आधारे सांगितला आहे. लेखक कुशल असावा, अक्षरे सारख्या आकाराची व सुवाच्य असावीत, तयार झालेली प्रत मूळ प्रतीशी ताडून शुद्ध करावी आणि नंतर ती समारंभपूर्वक मिरवत नेऊन अर्पण करावी, असा त्याचा आशय आहे. सुंदर अक्षराला येथे पुण्यकर्माचे स्थान दिले आहे. कचेरीतील जलद लेखन आणि ग्रंथातील निगुतीचे लेखन हे दोन्ही प्रवाह हेमाद्रींच्या कार्यात अशा प्रकारे एकत्र आलेले दिसतात. मराठीच्या पुढील इतिहासात पहिल्या प्रवाहाला मोडी आणि दुसऱ्याला बाळबोध ही नावे मिळाली.

वाग्भटाच्या अष्टांगहृदय या वैद्यकग्रंथावरील आयुर्वेदरसायन ही टीका आणि बोपदेवाच्या मुक्ताफल या ग्रंथावरील कैवल्यदीपिका ही टीकाही हेमाद्रींच्या नावावर आहे. बोपदेव हा केशव नावाच्या वैद्याचा पुत्र असून त्याला हेमाद्रींचा आश्रय होता. त्याचे मुग्धबोध हे संस्कृत व्याकरण नवशिक्यांसाठी रचलेले असून ते बंगालमधील पाठशाळांत दीर्घकाळ शिकवले गेले.

महानुभाव पंथाशी संबंध

हेमाद्रींच्या हयातीतच महाराष्ट्रात चक्रधरस्वामींच्या महानुभाव पंथाचा प्रसार झाला. वैदिक कर्मकांडाला या पंथाने दिलेले आव्हान आणि हेमाद्रींनी व्रत-दानांची लावलेली व्यवस्था या परस्परविरोधी भूमिका होत्या. महानुभाव वाङ्मयात हेमाद्रींचे चित्र प्रतिकूल आहे. चक्रधरस्वामींच्या छळाला त्यांना जबाबदार धरलेले आहे. धर्मशास्त्राच्या परंपरेत आदरणीय ठरलेले हेमाद्री या परंपरेत विरोधक म्हणून येतात. त्यांच्या व्यक्तित्वाचे मूल्यमापन करताना दोन्ही बाजूंची साधने विचारात घ्यावी लागतात.

लिपीच्या इतिहासातही महानुभावांचे स्थान वेगळे आहे. आपले ग्रंथ बाहेरच्यांना वाचता येऊ नयेत म्हणून त्यांनी पुढे सकळ लिपीसारख्या सांकेतिक लिप्या वापरल्या. अक्षराचे रूप बदलले की वाचकवर्ग बदलतो, याचे हे महाराष्ट्रातील एक जुने उदाहरण होय.

मोडी लिपीच्या उगमाची मते

मोडी लिपी हेमाद्रींनी प्रचारात आणली, ही मराठी परंपरेतील सर्वांत प्रसिद्ध समजूत आहे. तिचे एक रूप असे की, त्यांनी ही लिपी लंकेतून आणली. देवनागरीची अक्षरे मोडून ती बनवली म्हणून तिला मोडी म्हणतात, ही व्युत्पत्तीही सर्वपरिचित आहे.

अभ्यासकांमध्ये याविषयी एकमत नाही. इतिहासाचार्य वि. का. राजवाडे यांनी मोडीचा संबंध फारसीतील शिकस्ता या जलद लेखनपद्धतीशी जोडला. शिकस्ता या शब्दाचा अर्थही मोडलेली असाच आहे. चांदोरकर यांनी तिचे मूळ मौर्यकालीन ब्राह्मीपर्यंत मागे नेले. बा. आ. गुप्ते यांनी विसाव्या शतकाच्या प्रारंभी प्रसिद्ध केलेल्या लेखात छत्रपती शिवाजी महाराजांचे चिटणीस बाळाजी आवजी यांना श्रेय दिले. यादवांचे शिलालेख व ताम्रपट देवनागरी आणि कन्नड लिपींत आहेत. दगड व तांबे ही सावकाश कोरण्याची माध्यमे असल्याने त्यांवर जलद लिपी आढळण्याची अपेक्षाही नसते. ज्यांवर ती प्रथम आली असावी ती नाशवंत साधने टिकलेली नाहीत.

या कारणांमुळे आजचे बहुतेक अभ्यासक मोडीचा एकच जनक मानत नाहीत. व्यवहारात भराभर लिहिणाऱ्या अनेक हातांनी नागरी वळणाची अक्षरे हळूहळू गोलावली आणि राज्यकारभाराने त्या वळणाला मान्यता दिली, असे मानणे अधिक सयुक्तिक ठरते. हेमाद्री हे सर्व करणांचे प्रमुख असल्याने अशी मान्यता देण्याचे अधिकार त्यांच्याकडे होते. परंपरेतील श्रेयाचे मूळ बहुधा या अधिकारपदात आहे.

लिपीचे स्वरूप

मोडीत प्रथम कागदावर आडवी शिरोरेघ पूर्ण ओढून घेतात आणि मग तिच्याखाली अक्षरे लिहीत जातात. बाळबोध लिहिताना प्रत्येक अक्षरासाठी हात उचलावा लागतो. मोडीत बोरू पुन्हा शाईत बुडवण्याची वेळ येईपर्यंत हात चालू राहू शकतो. अक्षर आणि त्याची स्वरचिन्हे एकाच वळणात गुंफली जातात. त्यामुळे काही अक्षरांचे रूप त्यांच्या स्वराप्रमाणे बदलते. ऱ्हस्व-दीर्घ इकार व उकार यांतील भेद सामान्यतः पाळला जात नाही. दोन शब्दांत जागा सोडली जात नाही आणि विरामचिन्हेही नसतात. राजश्रीसाठी रा, चांद्र तारखेसाठी छ अशी संक्षिप्त रूपे सर्रास वापरली जातात.

या वैशिष्ट्यांमुळे मोडी लिहिण्यास सोपी आणि वाचण्यास कठीण झाली. काजळ व डिंक यांची शाई, वेताच्या किंवा बोरूच्या काडीची लेखणी आणि हातकागद ही तिची साधने होती. शाई लवकर सुकावी म्हणून कागदावर बारीक वाळू टाकत. हेमाद्रींच्या राजधानीजवळचे कागजीपुरा हे गाव पुढे हातकागदासाठी प्रसिद्ध झाले आणि दौलताबादी कागद दख्खनभर वापरला जाऊ लागला.

कालानुसार मोडीची बहामनीकालीन, शिवकालीन, पेशवेकालीन आणि आंग्लकालीन अशी वळणे ओळखली जातात. पेशवाईत चिटणीसी, बिवलकरी, महादेवपंती, रानडी अशी नामवंत लेखकांच्या किंवा घराण्यांच्या नावांनी ओळखली जाणारी वळणेही होती. आंग्लकाळात टाक आल्यावर अक्षरांची जाडी-बारीकी आणि कोन बदलले.

प्राथमिक शिक्षणातील मोडी

एकोणिसाव्या शतकापूर्वी मराठी मुलांचे प्राथमिक शिक्षण पंतोजींच्या शाळेत होत असे. देवळाच्या ओवरीत, एखाद्या वाड्याच्या पडवीत किंवा पंतोजींच्या घरी ही शाळा भरे. शिक्षणाचा आरंभ धूळपाटीवर होई. लाकडी पाटीवर विटेची बारीक पूड किंवा धूळ पसरून तिच्यावर बोटाने अथवा काडीने अक्षरे काढत. चुकले की पाटी हलवून पुन्हा कोरी करत. ॐ नमः सिद्धम् या मंगलवचनापासून, म्हणजेच मुलांच्या तोंडच्या ओनाम्यापासून, मूळाक्षरे सुरू होत. त्यानंतर बाराखडी, जोडाक्षरे आणि पाढ्यांची उजळणी असा क्रम असे. पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी अशी अपूर्णांकांची कोष्टके मुखोद्गत करवून घेत.

हात बसला की मोडीचा कित्ता दिला जाई. पंतोजी मोठ्या, ठळक अक्षरांत एक ओळ लिहून देत आणि मूल तीच ओळ अनेकदा गिरवत असे. अक्षर सुटे न शिकवता बाराखडीसह शिकवण्याला मोडीत विशेष महत्त्व होते, कारण स्वर बदलला की अनेकदा वळणही बदले. रेघ सरळ ओढणे, बोरू तिरपा धरणे आणि मनगट न अडखळता पुढे नेणे हा या शिक्षणाचा गाभा होता. लहान मुलांचे बोरू पंतोजी किंवा वरच्या मुलांपैकी कोणी तासून देत. वरच्या मुलांनी खालच्या मुलांना शिकवण्याचीही पद्धत होती. कित्ता गिरवणे आणि वळण लावणे हे शब्दप्रयोग मराठीत आजही अनुकरण व संस्कार या अर्थांनी वापरले जातात. त्यांचे मूळ याच लेखनशिक्षणात आहे.

धुळीवर अक्षरे काढण्याची पद्धत दक्षिण भारतातही होती. मद्रास येथे अनाथ मुलांच्या शाळेचे प्रमुख असलेले अँड्र्यू बेल यांनी मलबारी मुलांना वाळूत अक्षरे काढताना पाहिले आणि ती रीत आपल्या शाळेत आणली. त्यांनी १७९७ मध्ये लंडनमध्ये या प्रयोगाचा वृत्तांत प्रसिद्ध केला. मोठ्या मुलांकरवी लहानांना शिकवण्याची त्यांची पद्धत त्यानंतर इंग्लंडमधील गरीब मुलांच्या शाळांत पसरली.

सुवाच्य लेखनाचे मराठीतील सर्वांत प्रसिद्ध विवेचन समर्थ रामदासस्वामींच्या दासबोधात आहे. आजच्या जालना जिल्ह्यातील जांब येथे जन्मलेल्या रामदासांनी एकोणिसाव्या दशकाचा पहिला समास लेखनक्रियेला वाहिला आहे. अक्षरे वाटोळी, सरळ व मोकळी असावीत, पहिल्या अक्षरापासून शेवटच्या अक्षरापर्यंत वळण एकसारखे राहावे, आणि तरुणपणी इतके बारीक लिहू नये की म्हातारपणी ते वाचता येऊ नये, असे त्यांचे प्रतिपादन आहे. हे विवेचन बाळबोध अक्षरासाठी आहे. बालांना बोध होईल अशी लिपी, हा बाळबोध या नावाचा अर्थ मोडीशी असलेल्या भेदामुळेच अर्थपूर्ण ठरतो.

पंतोजींच्या शाळेत येणारी मुले बहुतांशी ब्राह्मण, प्रभू आणि व्यापारी कुटुंबांतील असत. मुली, शेतकरी आणि अस्पृश्य मानलेल्या जातींची मुले सामान्यतः या शिक्षणाबाहेर राहिली. त्याचे परिणाम दूरवर पोहोचले. सारा, वतन, गहाणखत व कर्जरोखा यांच्या नोंदी मोडीत होत आणि ज्यांच्या नावाने त्या होत त्यांना त्या वाचता येत नसत. महात्मा जोतीराव फुले यांनी शेतकऱ्याचा असूड या ग्रंथात कुळकर्णी व सावकार यांच्या लेखणीने होणाऱ्या नाडवणुकीवर कठोर टीका केली. १८७५ मध्ये पुणे व अहमदनगर जिल्ह्यांत झालेल्या दख्खनच्या उठावात शेतकऱ्यांनी सावकारांचे कर्जरोखे हस्तगत करून नष्ट केले. जलद लिपी प्राथमिक शाळेत कोणाला शिकवली जाते, हा प्रश्न त्या काळी जमिनीच्या मालकीशी निगडित होता.

मुद्रण, सरकारी शाळा आणि ऱ्हास

मोडीच्या छपाईचा आरंभ महाराष्ट्राबाहेर झाला. बंगालमधील श्रीरामपूर येथे विल्यम केरी यांनी पंडित वैजनाथ यांच्या साहाय्याने मराठी पुस्तके तयार केली. त्यांच्या १८१० मधील मराठी कोशात मराठी शब्द मोडी टंकात छापलेले आहेत. मुंबई इलाख्यात मात्र छपाईसाठी देवनागरी टंकाला प्राधान्य मिळाले. जोडून लिहिलेली आणि स्वरागणिक रूप बदलणारी अक्षरे सुट्या खिळ्यांत बसवणे अवघड होते. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात जावजी दादाजी यांच्या निर्णयसागर छापखान्याच्या सुबक देवनागरी टंकाने बाळबोध वळण घराघरांत पोहोचवले. मुले वाचत ती पुस्तके बाळबोधमध्ये आणि व्यवहारासाठी लिहीत ते मोडीत, अशी दुहेरी व्यवस्था त्यातून निर्माण झाली.

इलाख्यातील सरकारी प्राथमिक शाळांत दोन्ही लिप्या शिकवल्या जात. छापील कित्त्यांवरून मोडी गिरवणे आणि हाताने लिहिलेली पत्रे व दस्तऐवज वाचणे हे अभ्यासाचे भाग होते. १९१७ मध्ये मुंबई सरकारने कारभारासाठी मोडीऐवजी बाळबोध लिपी वापरण्याचा निर्णय घेतला. त्यानंतरही काही दशके मोडी शाळांत शिकवली गेली आणि जुन्या पिढीतील लोक खाजगी पत्रे व हिशेब मोडीतच लिहीत राहिले. विसाव्या शतकाच्या मध्यास ती प्राथमिक अभ्यासक्रमातून बाहेर पडली.

परभणीसह मराठवाडा १९४८ पर्यंत निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. तेथे वरिष्ठ कारभाराची भाषा प्रथम फारसी व १८८० च्या दशकापासून उर्दू होती. गावच्या कुळकर्ण्यांच्या दफ्तरात मात्र मोडीतील मराठी नोंदी चालू राहिल्या. त्यामुळे या भागातील जुन्या घराण्यांच्या कागदपत्रांत फारसी लिपी व मोडी शेजारीशेजारी आढळतात.

आजच्या प्राथमिक शाळांत मराठी दुरेघी वहीत सुट्या बाळबोध अक्षरांत लिहिली जाते. जोडून लिहिण्याचे वळण मुले प्रामुख्याने इंग्रजीसाठी, चौरेघी वहीत शिकतात. मराठीचे स्वतःचे जोडलेले वळण बहुतेकांना अपरिचित झाले आहे.

हेमाडपंती बांधकाम आणि पोखर्णी

घडीव दगड एकमेकांत खाचा व कुसू यांनी अडकवून, चुना न वापरता बांधलेली मंदिरे महाराष्ट्रात हेमाडपंती म्हणून ओळखली जातात. परभणी तालुक्यातील पोखर्णी येथील नृसिंह मंदिर स्थानिक परंपरेत याच नावाने ओळखले जाते. परभणी-गंगाखेड लोहमार्गावरील पोखर्णी नृसिंह या स्थानकालाही या देवस्थानाचे नाव आहे. १९९९ पर्यंत परभणी जिल्ह्यात असलेले आणि आता हिंगोली जिल्ह्यात मोडणारे औंढा नागनाथ मंदिरही या शैलीच्या उदाहरणांत गणले जाते.

या शैलीचे श्रेयही मोडीच्या श्रेयासारखेच आहे. अंबरनाथचे शिवमंदिर १०६० मधील, म्हणजे हेमाद्रींच्या सुमारे दोन शतके आधीचे असूनही लोकव्यवहारात ते हेमाडपंती म्हटले जाते. शैली जुनी होती. यादव काळात बांधकामे मोठ्या प्रमाणावर झाली आणि त्या काळाच्या कर्तबगार मंत्र्याचे नाव त्या सर्वांना लागले. बाजरीचे पीक महाराष्ट्रात आणल्याची आख्यायिकाही याच प्रकारची आहे.

वारसा

१२९६ मध्ये अलाउद्दीन खल्जीने देवगिरीवर स्वारी केली. चौदाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात यादवांचे राज्य संपुष्टात आले. ज्या कचेरीचे हेमाद्री प्रमुख होते ती राज्याबरोबर नाहीशी झाली. परंतु गावोगावचे हिशेबनीस व त्यांची लेखनविद्या टिकून राहिली. बहामनी, निजामशाही, आदिलशाही आणि मराठेशाही या सर्व राजवटींना तिची गरज पडली.

मोडीतील कागदपत्रे आज पुण्याचे पुराभिलेखागार, १९१० मध्ये स्थापन झालेले भारत इतिहास संशोधक मंडळ, तंजावरचे सरस्वती महाल ग्रंथालय आणि असंख्य खाजगी दफ्तरे यांत आहेत. लिपी प्राथमिक शाळेतून गेल्याने त्यांतील बराच मोठा भाग न वाचलेला राहिला आहे. जमिनीचे हक्क, जातीच्या नोंदी आणि घराण्यांचा इतिहास यांसाठी मोडी वाचकांची मागणी वाढल्यावर राज्याचा पुराभिलेख विभाग आणि विविध संस्था प्रशिक्षणवर्ग घेऊ लागल्या. २०१४ मध्ये युनिकोडच्या ७.० या आवृत्तीत मोडीचा समावेश झाला आणि ती संगणकावर लिहिणे शक्य झाले. या वर्गांत प्रौढ विद्यार्थीही शिरोरेघ, मूळाक्षरे आणि बाराखडी याच जुन्या क्रमाने मोडी शिकतात.

हेमाद्रींचे निश्चित कर्तृत्व म्हणजे त्यांचे संस्कृत ग्रंथ आणि दोन राजांच्या काळात सांभाळलेला यादवांचा लेखनविभाग होय. मोडीची निर्मिती त्यांच्या नावावर निर्विवादपणे सिद्ध होत नाही. तरीही मराठी लेखनव्यवहाराच्या परंपरेने आपला आद्यपुरुष म्हणून त्यांचेच नाव जपले आहे.